कर्करोग आणि रुग्णाचे पूर्ववृत्त

विरारहून लोकलने दादरपर्यंत आणि तेथून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयापर्यंत जाणाऱ्या रुग्णांत वसई, नालासोपारा, नायगाव, अर्नाळा, त्याचप्रमाणे पारोळ-कामणकडील गावांतील माणसे नेहमीच असतात. रुग्णालयात पोहोचल्यावर यंत्रे नंतर येतात, प्रश्न आधी येतात. त्रास केव्हा सुरू झाला? तंबाखू किंवा मशेरी किती वर्षांपासून? विडा कोणत्या गालात धरता? पूर्वी एखादी शस्त्रक्रिया झाली होती काय? क्षयाची औषधे घेतली होती काय? घरात आणखी कुणाला हा रोग झाला होता काय? या प्रश्नांच्या उत्तरांतून जे टिपण तयार होते त्यास वैद्यकात रुग्णाचे पूर्ववृत्त असे म्हणतात.

हे टिपण म्हणजे केवळ कार्यालयीन उपचार होय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः एखाद्या व्यक्तीस कर्करोग होण्याचा संभव किती, झाल्यास तो किती लवकर ओळखला जाईल आणि कोणते औषध तिच्या शरीरास सोसेल, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पूर्ववृत्तावर अवलंबून असतात. रुग्णालयात ते केवळ लिहून घेतले जाते. घडते ते घरी आणि गावात. म्हणूनच हा विषय डॉक्टरांइतकाच ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्याही विचारात यावयास हवा.

प्रश्न विचारण्याची परंपरा

कर्करोगाच्या कारणांचे प्रारंभीचे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेले नाही. लंडनमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुरांडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो त्यांचा व्यवसाय आणि बालपण विचारात घेऊनच. १९२६ मध्ये जेनेट लेन-क्लेपॉन या ब्रिटिश महिला डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे ५०० स्त्रिया आणि तो न झालेल्या तितक्याच स्त्रिया यांचे विवाह, बाळंतपणे व स्तनपान यांविषयीचे वृत्त तुलनेसाठी एकत्र मांडले. रोगी आणि निरोगी यांच्या पूर्ववृत्तांची शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याची ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

मुंबईचा यातील वाटा मोठा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांना रुग्णाच्या चालीरीतींविषयी मोठे कुतूहल होते. कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने वर्षानुवर्षे कातडी घासली जाऊन तेथे उद्भवणाऱ्या कर्करोगाकडे त्यांनी लक्ष वेधले. १९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड, घसा व अन्ननलिका यांचे कर्करोग यांच्या संबंधावरील अभ्यास प्रसिद्ध केला. चघळणाऱ्यांत तोंडाच्या पोकळीचा, तर ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा व घशाचा कर्करोग अधिक आढळतो, हा भेद केवळ सवयींची बारकाईने चौकशी केल्यामुळे उघड झाला. पुढे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी केली व त्यांच्या सवयी नोंदविल्या. तो अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या माणसांना घरोघरी जाऊन मशेरीविषयी विचारणे ही गोष्ट कागदावर दिसते तितकी सोपी नाही. घरातील वडीलधाऱ्यांसमोर सून मशेरीची कबुली देत नाही, हे खेड्यात काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवावी. आजारी माणूस आपल्या भूतकाळात कारण शोधत असतो. निरोगी माणसास त्याची गरज वाटत नाही. त्यामुळे स्तनात गाठ आलेली स्त्री दहा वर्षांपूर्वी लागलेला मार आठवून सांगते आणि मार लागल्यानेच गाठ झाली, असे घरचे धरून चालतात. माराने कर्करोग होतो यास आधार नाही. मार लागल्यावर हात तेथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ लक्षात येते, इतकेच. पूर्ववृत्त ऐकताना आठवण आणि कारण यांतील हे अंतर विसरता कामा नये.

माहेर, सासर आणि आत्या

कुटुंबाविषयीचा प्रश्न आपल्याकडे बहुधा चुकीच्या रीतीने विचारला जातो. विवाहित स्त्रीस ‘तुमच्या घरात कुणाला कर्करोग होता का?’ असे विचारले, की ती सासरची माणसे आठवून उत्तर देते. सासऱ्यांना तोंडाचा कर्करोग होता, ही माहिती घरातील तंबाखूच्या सवयीविषयी काही सांगेल. तिच्या रक्ताच्या वारशाविषयी तिच्यातून काहीच कळत नाही. तिच्या बाबतीत महत्त्व आहे ते आई, बहिणी, मावशी, आजी यांना आणि तितकेच वडील, काका, आत्या आणि वडिलांची आई यांना. स्तनाचा कर्करोग हा बायकांचा रोग, म्हणून तो आईकडूनच येणार, अशी समजूत डॉक्टरांच्या टिपणांतही कधीकधी डोकावते. दोष असलेले जनुक वडिलांकडून मुलीकडे येण्याचा संभव आईकडून येण्याइतकाच असतो. वडिलांना स्वतः बहुधा काही होत नाही, म्हणून तो झाकलेला राहतो आणि आत्याची विचारपूस न केल्यास तसाच झाकलेला राहील.

याचे एक जुने उदाहरण बोधक आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या परिचयातील एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने सांगितले, की आपल्या घराण्यातील बहुतेक माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली असून आपणही तशाच जाणार. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. वॉर्थिन यांनी तिचे म्हणणे मनावर घेऊन घराण्याची वंशावळ तयार केली व १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. आतडे आणि गर्भाशय यांच्या आनुवंशिक कर्करोगाचा जो प्रकार आज लिंच यांच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या अभ्यासाचा आरंभ या स्त्रीच्या सांगण्यात आहे. जनुकांतील नेमका दोष सापडण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

स्तन व अंडाशय यांच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ या जनुकाचे गुणसूत्रावरील स्थान मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखविले. ते जनुक १९९४ मध्ये व बीआरसीए-२ हे १९९५ मध्ये हाती आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीस वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शेकडा ७२ व अंडाशयाचा शेकडा ४४ असतो. बीआरसीए-२ च्या बाबतीत हेच प्रमाण शेकडा ६९ व १७ आहे. आकडे मोठे आहेत, परंतु असा दोष असणारी कुटुंबे थोडी. एकूण कर्करोगांपैकी शेकडा ५ ते १० इतकेच अशा ठळक वारशाने होतात, असे मानले जाते. त्यामुळे घराण्यात एका वृद्धास कर्करोग झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही आणि कुणालाच झाला नाही म्हणून निश्चिंत राहण्याचेही नाही. विचारात घ्यावयाची कुटुंबे निराळी असतात: एकाच बाजूच्या दोन-तीन रक्ताच्या नात्यांत तोच किंवा जवळचा कर्करोग, पन्नाशीच्या आत झालेला रोग, दोन्ही स्तनांत झालेला रोग, अंडाशयाचा कर्करोग, पुरुषास झालेला स्तनाचा कर्करोग. म्हणून वंशावळीत नावापेक्षा वय अधिक मोलाचे. ‘मावशीला होता’ एवढ्याने डॉक्टरांचे काम भागत नाही. ‘मावशीला बेचाळिसाव्या वर्षी झाला’ हे भागविते.

वसईत या कामास एक अनुकूलता आहे. येथील अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच पंचक्रोशीत सोयरिकी झाल्या असल्याने वृद्ध स्त्रियांना तीन पिढ्यांची नाती तोंडपाठ असतात. ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत चर्चच्या दप्तरांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी असतात. त्यांत मरणाचे कारण मिळेलच असे नाही, पण नाते आणि वय पडताळता येते. याउलट नालासोपारा-विरारच्या नव्या वस्त्यांत कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांचे नातेवाईक आणि जुनी कागदपत्रे दोन्ही गावी राहिलेली असतात. सुट्टीत गावी गेल्यावर ही माहिती लिहून आणणे हाच त्यांच्यापुढील मार्ग.

माहिती लपविण्यामागे मात्र अज्ञानाहून मोठे कारण आहे. घराण्यात हा रोग आहे असे बाहेर कळल्यास मुलींची लग्ने जमणार नाहीत, ही भीती खरी आहे आणि तिला हसून चालणार नाही. आईच्या आजाराचे नाव मुलींपासूनही लपविले जाते. मग ज्या मुलीला तिशीपासूनच तपासणीची गरज आहे तिलाच ती गरज कळत नाही. अशा कुटुंबासाठी टाटा मेमोरियल सेंटरमध्ये कर्करोग-आनुवंशिकीचा सल्ला उपलब्ध आहे. जनुकतपासणी शक्यतो रोग झालेल्या व्यक्तीपासून सुरू करावयाची असते आणि तिच्या आधी समुपदेशन होणे आवश्यक असते. माहिती डॉक्टरांस सांगणे आणि गावास सांगणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आशा कार्यकर्तीपासून पंचायत सदस्यापर्यंत प्रत्येकाने पाळले, तरच घरे मोकळेपणाने बोलतील.

स्वतःचे जुने आजार

वारशापेक्षा अधिक माणसांना लागू पडते ते स्वतःचे पूर्ववृत्त. तोंडातील न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, सुपारी-गुटख्यामुळे तोंड कमी कमी उघडू लागणे, या कर्करोगपूर्व अवस्था होत. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात तोंड आखडलेल्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यांतील शेकडा ७.६ जणांस कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण बंदीपूर्वी ज्याने दहा वर्षे गुटखा खाल्ला त्याचे तोंड ती दहा वर्षे विसरत नाही. सवय सुटली असली तरी ती सांगितलीच पाहिजे. एकदा तोंडाचा कर्करोग बरा झालेल्या व्यक्तीस तोंड-घशात दुसऱ्या ठिकाणी नवा कर्करोग होण्याचा धोकाही राहतो, कारण तंबाखूचा परिणाम सबंध अस्तरावर झालेला असतो.

ब प्रकारची कावीळ वर्षानुवर्षे अंगात राहिल्यास यकृताचा कर्करोग संभवतो. मधुमेह व स्थूलता यांचा यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगांशी संबंध आढळला आहे. तरुणपणी छातीवर किरणोपचार घेतलेल्या स्त्रीने स्तनांच्या तपासणीबाबत अधिक जागरूक राहावयास हवे. एचआयव्ही बाधित स्त्रीस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

क्षयाची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल. खोकला, वजन घटणे, छातीच्या चित्रावर डाग, ही लक्षणे क्षयाची तशीच फुप्फुसाच्या कर्करोगाचीही. आपल्याकडे क्षय इतका सर्वत्र आढळतो, की थुंकीत जंतू न सापडताही औषधे सुरू होतात आणि गुण येत नसता महिने जातात. येथे पूर्ववृत्त दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते आणि दोन्ही बाजूंनी फसवूही शकते. ‘पूर्वी क्षय झाला होता’ हे ऐकून नवा डाग जुन्याच खात्यावर टाकला जातो. अशा वेळी दोन वर्षांपूर्वीचे छातीचे चित्र हाती असल्यास डाग जुना की नवा, हा प्रश्न काही मिनिटांत सुटतो. जुनी एक्स-रे चित्रे घरात अडचण म्हणून रद्दीत देण्याची रीत यासाठी सोडावी.

तपासणीचा निष्कर्ष हाही पूर्ववृत्ताचाच भाग आहे, हे महाराष्ट्रातीलच एका अभ्यासावरून स्पष्ट होते. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने करण्यात आला व २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. आणखी एक गोष्ट दिसली: पेशींच्या तपासणीत किंवा आम्ल लावून पाहण्याच्या तपासणीत दोष न आढळलेल्या स्त्रियांत पुढे झालेल्या कर्करोगाचे प्रमाण, विषाणू न आढळलेल्या स्त्रियांतील प्रमाणाच्या चौपटीहून अधिक होते. म्हणजे ‘तपासणी झाली, काही निघाले नाही’ एवढे सांगणे अपुरे आहे. कोणती तपासणी झाली आणि केव्हा, तो कागद जपून ठेवावा.

उपचारांचा परिणाम

रोग एकच, टप्पा एकच, तरी दोन रुग्णांचा शेवट वेगळा होतो, त्यामागे पुष्कळदा जुने आजार असतात. डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयावर भार टाकते, तेव्हा पूर्वी हृदयविकार झालेल्या रुग्णाची योजना बदलावी लागते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडास जड जाते. केमोथेरपीबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांनी मधुमेह उसळतो. ब काविळीचा विषाणू अंगात सुप्त असल्यास उपचारांच्या काळात तो जागा होऊन यकृत निकामी होऊ शकते. आधी कळल्यास प्रतिबंधक औषध देता येते. ज्या जागी पूर्वी पूर्ण किरणोपचार झाले आहेत तेथे पुन्हा तेवढेच देता येत नाहीत.

सर्वांत मोठी हानी अर्धवट शस्त्रक्रियेने होते. लहान दवाखान्यात ‘साधी गाठ’ म्हणून काढलेली गाठ तपासणीस पाठविली जात नाही, किंवा अंगावरून जाते म्हणून गर्भपिशवी काढली जाते आणि कर्करोग होता हे मागाहून कळते. नंतर मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांना मूळ रोग किती होता, हे कळण्याचा एकच आधार उरतो: शस्त्रक्रियेचे टिपण, तपासणीचा अहवाल आणि पॅथॉलॉजीच्या स्लाइड व ब्लॉक. काढलेला प्रत्येक भाग तपासणीस पाठवा असा आग्रह रुग्णाच्या नातेवाइकांनी धरावा. तसेच वैदूची औषधे, डाग देणे, मध्येच सोडलेले उपचार हेही सांगावे. येथे डॉक्टर व परिचारिकांनाही एक विनंती आहे. तंबाखूवरून एकदा सर्वांसमोर बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी ‘नाही’ असेच सांगतो आणि त्या ‘नाही’वर पुढील सारे आडाखे बांधले जातात.

गावपातळीवरील नोंद

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना आहे. त्यासाठी आशा कार्यकर्ती घरोघर जो तक्ता भरते, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर आणि तोंडातील व्रण, स्तनातील गाठ, अकाली रक्तस्राव यांसारख्या लक्षणांचे प्रश्न आहेत. गुणांकनातील कुटुंबाविषयीचा प्रश्न मात्र रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांपुरता आहे. कर्करोगाची कौटुंबिक माहिती आशाताईने तक्त्याच्या समासात लिहून आरोग्य केंद्रास कळविली, तर नियमात बसते की नाही, हा वाद न घालता ती स्वीकारली जावी.

मृत्यूची नोंद हा तर ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतील विषय. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला द्यावयाचा असतो. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ. त्यात ‘हृदयक्रिया बंद पडणे’ असे लिहिलेले वारंवार आढळते. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते; ते मरणाचे कारण नव्हे. अंडाशयाच्या कर्करोगाने गेलेल्या आईच्या दाखल्यावर एवढेच लिहिले असेल, तर वीस वर्षांनी तिच्या मुलीस हा कागद काहीच सांगत नाही. मूळ आजार लिहावा, असा आग्रह पंचायत सदस्यांनी धरल्यास त्यास खर्च येत नाही.

राहिला पत्त्याचा प्रश्न. मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या नेतृत्वाखाली १९६३ मध्ये सुरू केली; ग्रामीण भागासाठी बार्शी येथे १९८७ पासून तशी नोंदणी आहे. मुंबईची नोंदणी बृहन्मुंबईतील रहिवाशांची आहे आणि वसई-विरार तिच्या हद्दीबाहेर आहे. तरीही सोयीसाठी येथील अनेक रुग्ण दादर किंवा अंधेरीच्या नातेवाइकांचा पत्ता लिहून देतात. तो रुग्ण मग मुंबईचा ठरतो आणि आपल्या तालुक्यातील रोगाचे चित्र तेवढे पुसट होते. अर्जावर जेथे प्रत्यक्ष राहतो तो पत्ता, तेथे किती वर्षे राहतो आणि त्याआधी कोठे राहत होतो, हे तिन्ही लिहावे.